तळाच्या पाइपातली हवा

मिस्त्रीचं एक ठाम मत होतं: इंजिन खोटं बोलत नाही, मालक बोलतात. म्हणून थोरल्या बहिणीच्या बोटीचं इंजिन आठवड्यात तिसऱ्यांदा तापलं, तेव्हा त्याने आधी बहिणीचीच झाडाझडती घेतली.

"तेल कधी बदललंस?"

"तूच बदललंस ना महिन्यापूर्वी!"

"मग वजन जास्त भरत असशील."

"सोळा पोरं आणि सोळा दप्तरं. त्यात दप्तरंच जड," ताई म्हणाली. "हे बघ, चारला शाळा सुटेल. पलीकडून त्यांना आणणारं माझ्याशिवाय कोणी नाही. बोट नेऊ की नको, तेवढं छातीवर हात ठेवून सांग."

सोमवारी भर खाडीत इंजिन बंद पडलं होतं आणि ओहोटीने बोट पोरांसकट पार समुद्राच्या तोंडाशी नेली होती.

मिस्त्रीने पंप खोलला. आतलं रबरी चक्र धडधाकट होतं. गाळणी स्वच्छ. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी झडप, किटलीतल्या उकळत्या पाण्यात टाकला, तर तोही वेळेवर उघडला. धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन तासभर चालवलं. तापमानाचा काटा पंच्याहत्तरवर बसला तो हलेना, आणि इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची अंगठ्याएवढी धार मागच्या नळीतून पडत राहिली. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं कार्टं असतं ना, तसला प्रकार. मिस्त्रीचं डोकं फिरलं.

"चल, खाडीत घे," तो म्हणाला.

मध्यावर पोचेपर्यंत काटा नव्वदवर चढला. मग अठ्ठ्याण्णव. मागची धार बारीक झाली, नुसती ठिबकू लागली. इंजिन बंद करून त्याने पंपाकडचा पाइप सोडवला, तर पाणी भसाभसा आत आलं. पाइप जोडून इंजिन सुरू केलं, की धार पुन्हा गायब.

मिस्त्री हसला. त्याचा जीव खरोखरच भांड्यात पडला होता.

"प्लास्टिकची पिशवी! बोटीच्या तळाला पाणी ओढायचं भोक आहे ना, त्याला बाहेरून चिकटलीय. इंजिन ओढायला लागलं की चिकटते, थांबलं की सुटते."

यावरचा इलाज जुना आणि फुकटचा. इंजिन चालू असतानाच त्याने पाइप उपसून काढला, पाण्याच्या पातळीच्या वर धरला, ताईला इंजिन बंद करायला सांगितलं आणि तोंड लावून जोरात फुंकर मारली.

क्षणभर फुंकर अडली, भोकावर कुणी तळवा धरावा तशी. मग तळवा निघाला. बोटीखालून बुडबुडे फुटल्याचा आवाज आला.

"गेली," असं तो म्हणणार होता. पण तोंड अजून पाइपालाच होतं, आणि पाइपातून हवा आली.

हवा येणं शक्य नव्हतं. त्या पाइपात पाणी असायला हवं होतं.

हवा उबदार होती, ओलसर होती. टाळूला लागली. तिला ना चिखलाचा वास होता, ना डिझेलचा. झोपेतून उठलेल्या लहान मुलाच्या तोंडाला येतो, तसा वास होता.

त्याने तोंड बाजूला घेतलं. पाइप आता हवा आत ओढत होता. हळूहळू. मग थांबला.

मग सोडू लागला.

मिस्त्रीने स्वतःचा श्वास रोखून धरला होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. पिशवीच होती."

पाइपाचा पट्टा आवळताना त्याच्या हातून पान्हा दोनदा पडला. इंजिन सुरू झालं. पंच्याहत्तर. धक्क्यापर्यंत पंच्याहत्तर.

'नको नेऊस' हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. पण कारण काय सांगणार? वीस वर्षं त्याने बोटी हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलांच्या भुताखेतांच्या गप्पांची यथेच्छ टिंगल केली होती. आता त्याच तोंडाने काय बोलायचं? त्याला लाज वाटली.

"ने बोट," तो म्हणाला. "पुन्हा तापलीच तर मी केलं तसं कर. पाइप काढ, फुंक, परत लाव."

नंतरचे आठ दिवस त्याचं कशातच लक्ष लागलं नाही. जेवताना तो वास टाळूला जाणवायचा आणि घास फिरायचा. रोज फोन हातात घ्यायचा, ठेवून द्यायचा. नवव्या दिवशी संध्याकाळी, पोरांना पोचवून ताई मोकळी झाली असेल अशा बेताने, त्याने फोन लावला.

"इंजिन?"

"झकास! तुझा उपाय रामबाण निघाला बघ. रोज मध्यावर काटा चढतो, रोज फुंकलं की उतरतो. फक्त..."

"फक्त काय?"

"आधी एका फुंकरीत भागायचं. आता भागत नाही. त्यात मला खोकला झालाय, दम पुरत नाही. म्हणून पोरंच फुंकतात पाळीपाळीने. त्यांना भारी मजा वाटते. म्हणे, पलीकडून कुणीतरी उत्तर देतं."

फोनमध्ये इंजिनाचा आवाज नव्हता. बोटीच्या अंगावर आपटणारं पाणी ऐकू येत होतं, आणि कुणाची पाळी यावरून चाललेली भांडणं.

"ताई, तू अजून खाडीत आहेस?"

"शाळा उशिरा सुटली आज."

"पोरांना बाजूला घे. आत्ताच्या आत्ता!"

"अरे ओरडतोस काय! झालंच आता. ए पोरी, पुरे. सोड तो पाइप."

थोडा वेळ नुसतं पाणी वाजलं.

"अगं, सोड म्हटलं ना."

मागची भांडणं एकदम थांबली.