कळ आणि काठी

मार्गशीर्षातल्या त्या पहाटे घोणसगडाभोवती धुके असे दाटले होते, की तटावरच्या पहारेकऱ्याला आपल्याच भाल्याचे टोक दिसेना, आणि दोन महिने वेढा घालून बसलेल्या खानाच्या छावणीला डोक्यावर गड आहे की नाही, हेही उमगेना. अशा धुक्यात गडाची एकच खूण उरे, ती म्हणजे किल्लेदार अर्जोजीरावांच्या काठीची ठकठक. आज ती ऐकू येत नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी एका झुंजीत अर्जोजीरावांच्या मांडीत भाला घुसला. जखम महिन्याभरात भरली, पण आतली शीर जी बिथरली ती बिथरलीच. कमरेतून सुटलेली कळ विस्तवासारखी टाचेपर्यंत उतरे, आणि अंग टेकले की दुप्पट होई. शेक झाले, लेप झाले, नवससायास झाले. उतार पडे तो चालल्यानेच. म्हणून पहाटेपासून तटावर त्यांच्या येरझारा चालत. "सरकारांची कळ जागी, तोवर गड जागा," असे पहारेकरी थट्टेने म्हणत. दुर्दैवाने ही थट्टा गड उतरून खालीही गेली होती.

आदल्या सांजेला दिवेलागणीच्या वेळी दरवाजाचा हवालदार जिवाजी, म्हणजे किल्लेदारांचा सख्खा मेव्हणा, एक काळी गोळी घेऊन आला. त्याची बहीण सगुणाबाई मागे दुधाची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"दाजी, नामी हकिमाची गोळी आहे. घ्यावी. उद्या उन्हं वर येईतो काठी वाजायची नाही."

अर्जोजीरावांनी गोळी गालात धरली, वर दूध घेतले आणि म्हणाले, "फार उपकार झाले, जिवाजीराव." दोघांची पाठ फिरताच त्यांनी ती शेल्यात थुंकली. नऊ वर्षांत औषध आणणारा जो तो म्हणाला होता, कळ थांबेल. काठी थांबेल म्हणणारा हा पहिलाच! आणि वेढ्यातल्या गडावर हकीम आला कुठून? पण दूध सगुणेच्या हातचे होते. हा विचार त्यांना शिरेपेक्षाही खोल टोचला.

त्यांनी म्हाताऱ्या खंडू नाइकाला बोलावले. "दरवाजाच्या देवडीत पन्नास माणूस दबा धरून बसव. मीही बसतो. दिंडी आतून उघडेपर्यंत कोणी खोकायचंसुद्धा नाही."

"पण सरकार, बसून ऱ्हायलात तर जीव जाईल आपला! ती कळ..."

"कळ काढीन, नाईक."

आणि काढली. थंड दगडावर, अंगाचे मुटकुळे करून, काठीची कातडी मूठ दातांत धरून तो नरवीर पहाटेपर्यंत बसला. लढाईत मरणे सोपे असते हो. हलता येत असून न हलणे फार कठीण. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हुंकार फुटला नाही.

धुके पांढुरके होऊ लागले तेव्हा दिंडीचा अडसर सरकला. जिवाजी बाहेर वाकून कुजबुजला, "या. काठी बंद आहे."

एकामागून एक सावल्या आत शिरल्या. दहा-बारा आत आल्या, आणि अर्जोजीरावांनी काठी उचलून फरशीवर हाणली.

ठक्!

पन्नास तलवारी उठल्या. जिवाजीचा चेहरा त्या एका आवाजाने पांढराफटक पडला, आणि सूर्य दिसला तेव्हा दिंडी बंद होती, खानाची माणसे उतारावरून माघारी पळत होती, आणि हवालदाराच्या पायांत बेड्या होत्या. फितुरीला गडावर शिक्षा एकच होती. ती कोणाला सांगावी लागली नाही.

दिवसभर अर्जोजीराव आपल्या घराकडे फिरकले नाहीत. त्यांना भीती वाटत होती, आणि ती खानाची नव्हती.

सांजेला सगुणाबाईच निर्गुडीचा शेक घेऊन सदरेवर आल्या. रडून रडून डोळे सुजले होते. पायाशी बसून त्यांनी शेकाची पुरचुंडी किल्लेदारांच्या दुखऱ्या मांडीवर ठेवली.

"त्याच्यासाठी मी पदर पसरणार नाही. एवढंच सांगावं. काल दूध दिलं ते याच आशेनं. कळ थांबली का?"

कळ! काठी नव्हे. अर्जोजीरावांना एकदम भरून आले. शीर तर आत पेटलेलीच होती.

"थांबली," ते म्हणाले. नऊ वर्षांत बायकोशी ते पहिल्यांदाच खोटे बोलले.

दुसऱ्या पहाटे पुन्हा धुके उतरले. काठी वाजू लागली, पण तटावरून नव्हे, आणि तिच्यामागे बेड्याही खळखळत होत्या. ती कडेलोटाच्या टोकाकडे सरळ गेली आणि तिथे बराच वेळ थांबली. सगुणाबाई अंथरुणावर उठून बसल्या होत्या. मग काठी एकटीच परत येऊ लागली.