छबूबाईचे पाय

विजया, कंदिलाची वात जरा खाली कर. रॉकेल रेशनचं आहे. आणि आपल्या सुमेधाला मुंबईच्या नसांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणता ना, न्या की. माझी ना नाही. पण आधी आमच्या दत्तोपंतानं सांगितलेलं ऐका. दत्तोपंत म्हणजे माझा मावसभाऊ, कोल्हारला दवाखाना चालवतो. खोटं बोलायलासुद्धा डोकं लागतं, ते त्याच्याकडे कधीच नव्हतं. म्हणून मी त्याचं खरं धरतो.

मुंबईला डॉक्टर शामकांत म्हणून एक गृहस्थ. मेंदू आणि नसा विलायतेला शिकून आलेले. नावापुढं इतकी अक्षरं, की पाटी रंगवणाऱ्यानं दुसरी फळी मागितली असेल. कुलदैवत कोल्हारची भगवती, म्हणून दसऱ्याला यायचे, दत्तोपंताकडे उतरायचे आणि देवीवर उपकार केल्यासारखे चार रोगी तपासायचे.

पंचेचाळीसच्या दसऱ्याला दत्तोपंतानं त्यांना छबूबाई दाखवली. पाटापलीकडच्या वस्तीवरच्या बन्सीची बायको. वय असेल बावीस-तेवीस. पाठ दुखायची, पाय ताठायचे, चार पावलं टाकली की गुडघे दुमडायचे. एखाद्या दिवशी बरी चालायची, दुसऱ्या दिवशी उठताच यायचं नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं तान्हं गेलं होतं.

आता पेच असा. मणका आतून किडला असेल, तर बाईला वर्षभर फळीवर निजवायचं, हलू द्यायचं नाही. आणि दुखणं नुसतं मनाचं असेल, तर निजू द्यायचं नाही, चालायला लावायचं. दोन उपाय एकमेकांच्या अगदी उलट. चुकलं की पाय जाणार, आणि पाठोपाठ बाई जाणार.

शामकांतांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय ताडकन उडाला. "भित्र्या बायकांचा असाच उडतो," म्हणाले. बाळाचं विचारलं. सासूला, रंगुबाईला विचारलं. ती म्हणाली, "कामाचं नाव काडलं की पडती बगा." झालं! निदान तयार. मला पान जमवायला याहून जास्त वेळ लागतो.

दत्तोपंत हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तळपाय एकदा..."

तळपायाचं असं असतं. टाचेकडून बोटांकडे किल्लीनं रेघ ओढतात. निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. मणक्यातली नस दबली असेल तर तो वर उठतो, आणि हे काही सोंग करून जमत नाही. शामकांत हेच मुंबईत पोरांना शिकवायचे, बरं का! पण छबूबाई अनवाणी आलेली, पावलं चिखलानं माखलेली. आणि या महाशयांचा बाणा असा, की आपण कुणाच्या पायाला हात लावायचा नाही. मुंबईत त्यासाठी हाताखाली माणसं होती. इथं वाकणार कोण?

"मी काल ओढून पाहिली," दत्तोपंत म्हणाला. "अंगठा उठल्यासारखा वाटला."

"वाटला?" शामकांत हसले. "तुम्हाला वाटला, म्हणून मी वाकू?"

छबूबाई म्हणाली, "माजं पाय बगा की वो, डाक्टर. माजंच न्हाईत असं वाटतं."

तिचं ऐकतो कोण. "ढोंग आहे," शामकांतांनी बन्सीला सांगितलं. "बाज काढून घे. रोज पाटापर्यंत चालवून आण." बन्सीनं हात जोडले. आणि आमच्या दत्तोपंतानं? मान हलवली. त्या मानेची मला अजून किळस येते. थोरापुढं हलायचं, एवढंच ती शिकली.

मग सेहेचाळीसचा पौष आला. वद्य तृतीया. शामकांत शेताच्या वाटणीसाठी आले होते. दिवेलागण होऊन गेली होती, ओसरीवर गप्पा चालल्या होत्या. एकदम म्हणाले, "चला दत्तोपंत, तुमची ती ढोंगी बाई बघून येऊ. चालत असेल आता. डोळ्यांनी बघा, म्हणजे पुन्हा मला शिकवायला येणार नाही." दत्तोपंत दसऱ्यापासून वस्तीकडे फिरकला नव्हता. काय दिसेल याची त्याला भीती वाटायची. पण नाही कसं म्हणणार? कंदील घेऊन निघाला मुकाट्यानं.

चंद्र अजून उगवायचा होता. दोन्ही अंगांना ऊस. पाटाचा पूल ओलांडला, वस्ती आली. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. बन्सीचं दार उघडं होतं. आत जमिनीवर एक पणती. भिंतीकडे गोधडी डोक्यावरून घेऊन बाई निजलेली. पाय तेवढे बाहेर.

"बघा, अजून लोळतेय," शामकांत म्हणाले. "ऊठ गं."

शामकांतांनी काठी जमिनीवर आपटली.

"ऊठ म्हणतो ना!"

"पाय बगा..."

आवाज गोधडीतून आला, की खालून जमिनीतून... दत्तोपंताला अजून सांगता येत नाही.

शामकांत हसायला गेले. हसू आलं नाही. हातातली काठी पडली. मग गुडघे टेकले. आपण होऊन नव्हे... मागून कुणीतरी खांदे दाबावेत तसे. हात पुढं गेला. बोटांनी तळपाय धरला. नखानं रेघ ओढली. टाचेकडून... वर...

अंगठा उठला.

सावकाश.

उठला... आणि तसाच राहिला.

"आता?" गोधडीतून आवाज आला.



दोघं पळत सुटले. पाटाच्या पुलावर नदीकडून माणसं येताना दिसली. अंगावर ओली धोतरं. पुढं बन्सी. तो थांबला.

"लई उशीर केला, डाक्टर. छबू दुपारीच गेली. दिस मावळायच्या आत अग्नी दिला."

"अरे, पण घरात..." दत्तोपंतानं मागं वस्तीकडे बोट केलं.

"घरात कोन न्हाई. बाया आंगुळीला गेल्यात पाटावर." मग शामकांतांकडे बघून म्हणाला, "तुमी सांगितलं तसं चालवली. रडायची, तरी चालवली. आठ दिवसांत पाय गेलं, ते गेलंच. पाठ सडली तिची."

सगळे मिळून वस्तीवर आले. आत पणती होती, पणतीभोवती, माणूस गेलं की पसरतात तसं, पीठ होतं. बाई नव्हती. गोधडीही नव्हती, ती तिच्याबरोबरच नदीवर गेली होती म्हणे.

तेवढ्यात रंगुबाई आली, ओल्या लुगड्यानं. उंबऱ्यावरच बसली. "कामचुकार म्हनले मी तिला," ती रडत म्हणाली. "सवाशीन गेली माजी. दोनी पावलं हळदीकुंकवानं भरून धाडली. तेवडंच माज्या हातून झालं..."

दत्तोपंतानं कंदील वर केला. शामकांत दाराबाहेर उभे होते. उजव्या हाताची बोटं कोटाला पुसत होते. पुसत होते... पुसतच होते. पाचही बोटं हळदीनं पिवळी. टोकांना कुंकू.

ओलं.