पुलानंतर बंद पडणारी गाडी

टिक्. थोडं थांबून पुन्हा, टिक्.

ओसरीत लावलेल्या मोटारसायकलचं तापलेलं इंजिन थंड होत होतं. तेवढा आवाज सोडला तर घर गप्प होतं. ज्योत्स्ना उंबऱ्यात बसून ओढणीनं मान पुसत होती. तिच्या मांडीवर शाळेच्या कपड्यांतच पायल झोपली होती. मघाशी मोठ्या रोडच्या मधोमध गाडी बंद पडली, उसाचा ट्रक भोंगा वाजवत अंगावर आला, ज्योत्स्नानं दोन्ही पाय जमिनीला रेटून गाडी कशीबशी उताराला लावली. एवढं होऊनही पोरगी जागी झाली नव्हती.

"पुन्हा पडली ना बंद?" सासू प्रभावती दारातून म्हणाली. "भंगारवाल्या तातेरावाला सांगते. घेऊन जाय म्हणावं ही बला. माझ्या लेकाला खाल्लं हिनं."

"गाडीनं न्हाई, आत्याबाई. ट्रकनं."

"ट्रक रोजच येतेत गं."

ज्योत्स्नानं पायलच्या पायातले बूट काढले. बोलण्यासारखं तिच्याकडं एवढंच होतं की गाडी गेली तर मंठ्याच्या लॅबमधली रक्त काढायची नोकरी गेली, आणि पायलची मंठ्याची शाळाही गेली. एसटीचा आणि त्या दोघींच्या वेळेचा काही मेळ नव्हता. राजानंद गेल्यावर त्याची गाडी कितीतरी दिवस ताडपत्रीखाली पडून होती. ती तिनं स्वतः बाहेर काढली, पडत धडपडत शिकली. आणि पायलची शाळा सुरू झाली, तशी गाडी बंद पडायला लागली.

जाताना कधीच नाही. येतानाच. ओढ्यावरचा नळ्यांचा पूल ओलांडला की थोडं पुढं जाऊन इंजिनाचा आवाज बारीक व्हायचा, घसा खाकरल्यासारखे झटके यायचे, आणि मोठा रोड ओलांडायच्या आत-बाहेर कुठंतरी गाडी गप्प.

"ताई, मला तर कायच सापडून न्हाई राह्यलं," दुसऱ्या दिवशी मंठ्यात मेकॅनिक अजमतभाई म्हणाले. त्यांनी प्लग बदलला होता, कार्बोरेटर खोलून फुंकला होता, टाकीच्या झाकणाचं भोकसुद्धा तारेनं साफ केलं होतं. बाजारातून एक चक्कर मारून आले तर गाडी मक्खन. "इथं बंद पडती का? बिलकुल न्हाई. मंग आता एक काम करा. बंद पडली की कशालाच हात लावू नका. आधी खाली वाकून कॉक बघा."

टाकीखाली डाव्या बाजूला पेट्रोलचा कॉक होता. तो फिरवला की टाकीतून पेट्रोल यायचं थांबतं. पण गाडी लगेच बंद पडत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं उरलेलं असतं, तेवढ्यावर थोडी पळते, मग मरते.

त्या संध्याकाळी रोडच्या अलीकडंच गाडी मेली. ज्योत्स्ना वाकली.

कॉक बंद होता.

"पायल, तू फिरवलास का गं हा?"

टाकीवर आडवी झालेली पायल डोळे चोळत म्हणाली, "मी तर झोपल्ते."

"तुमचा गुडघा लागत असंल," सकाळी गॅरेजात अजमतभाई म्हणाले. "जुना कॉक हाय, ढिल्ला झाला." त्यांनी नवा बसवला. तो एवढा घट्ट होता की फिरवताना ज्योत्स्नाचं बोट दुखलं. तिनं पायलला मागं बसवलं, ओढणीनं कमरेला बांधलं, आणि सगळ्या रस्त्यानं डावा गुडघा बाहेर काढून गाडी चालवली. चौकातली पोरं हसली. पुलानंतर पाठीवर पायलचं डोकं टेकलं, श्वास लांब झाला. तिला झोप लागली.

लगेच इंजिनाचा आवाज बारीक झाला.

नवा कॉक बंद होता.

ज्योत्स्ना कॉकवर बोट ठेवून उन्हात तशीच उभी राहिली. कारण पुलावर कॉक बंद करायची सवय एकाच माणसाची होती.

पायल तान्ही असताना रात्र रात्र रडायची. मोठ्या मुश्किलीनं झोपायची आणि गाडीचा आवाज आला की उठायची. म्हणून राजानंदनं ही युक्ती काढली. पुलावर चालत्या गाडीवरच डाव्या हातानं कॉक फिरवायचा. वाटीतलं पेट्रोल बरोबर मोठ्या रोडला संपायचं, आणि तिथून उतारावरून गाडी घरंगळत बिनआवाजी दारात. तो आलाय हे ज्योत्स्नाला ओसरीतल्या त्या टिक् टिक् वरूनच कळायचं. "उठली का?" पहिला शब्द तोच, कुजबुजत.

जुन्या गाडीचा दिवा इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की दिवाही जातो. एका अंधाऱ्या संध्याकाळी ट्रकवाल्याला रोडवर काहीच दिसलं नाही.

हे तिनं अजमतभाईंना सांगितलं नाही. "कॉक बांधून द्या," एवढंच म्हणाली.

त्यांनी बांधकामाची तार घेतली, कॉकला आणि पाइपाला वेढे दिले, पकडीनं पीळ मारला. तारेची दोन टोकं काट्यासारखी बाहेर राहिली. "जपून. हाताला लागंल."

"तिथं कुणाचा हात जात न्हाई," ज्योत्स्ना म्हणाली.

येताना ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. पायल पुढं टाकीवर, गाल टेकवून.

पूल आला. गेला.

पायलचा श्वास लांब झाला.

ज्योत्स्ना कान देऊन ऐकत होती. इंजिन एका लयीत चालू होतं. मग डाव्या गुडघ्याजवळ काहीतरी खुटखुटलं. गुडघ्याला ऊब लागली. इंजिनाची असेल. पण इंजिनाची ऊब अशी हलत नाही.

तिनं खाली पाहिलं नाही.

खुटखुट वाढली. घाईची झाली.

मोठा रोड आला. डावीकडून ट्रक येत होता, लांब होता. तिनं ॲक्सिलेटर पिळला.

इंजिन मेलं नाही. गाडी रोड ओलांडून उताराला लागली, फाटक्या आवाजात ओरडत दारात आली. आतून प्रभावती धावत आली. "चालली का गं?" तिच्या तोंडावर हसू होतं. ज्योत्स्नालाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं. तिनं चावी फिरवली.

टिक्.

मग ती वाकली. तार तुटली नव्हती. पण घट्ट मारलेला पीळ अर्धा उलगडला होता, आणि बाहेर आलेली टोकं ओली होती. पेट्रोल गळलं असेल म्हणून तिनं बोट लावून हुंगलं.

पेट्रोलचा वास नव्हता.

आवाजानं पायल जागी झाली होती. ती रडली नाही. टाकीवर पालथी पडून डाव्या बाजूला बघत होती. मग तिनं मान उचलून, हलक्या आवाजात, कुजबुजत विचारलं,

"आई, पप्पाच्या बोटाला लागलं ना. तू तार का बांधली?"