ताबा

त्या संध्याकाळी धाकटीला उशीर झाला तो औषधांच्या दुकानात. आईचे डायपर संपले होते आणि पुढे रांग होती. दुकानदार ओळखीचा.

"आजी कशा आहेत? परवा मला चोर म्हणाल्या. घरच्यांनंतर इतकं बरोबर कुणी ओळखलं नव्हतं!"

धाकटी हसली. आईच्या आजारपणात हसण्याजोगं तेवढंच उरलं होतं. आईचं डोकं चालेनासं झाल्याला बरेच दिवस झाले होते. ती दिवसभर खोल्यांतून फिरायची, दारं बडवायची, चावायची. कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ओरडायची, "हिला घालवा! ही मला न्यायला आलीय!" कोपऱ्यात कुणी नसे. डॉक्टर म्हणाले होते, "भांडतायत ना? भांडू द्या. एकदम गप्प झाल्या, तर मात्र मला लगेच सांगा."

दोघी बहिणी पाळीपाळीनं आईला सांभाळायच्या. दिवसा ताई, संध्याकाळपासून धाकटी. ताईनं गिरणीत जन्म काढलेला. तिथं पुढच्या पाळीची बाई "घेतलं" म्हणेपर्यंत यंत्र सोडायचं नसतं. एकदा दोघींना वाटलं दुसरी घरी आहे, आणि आई एकटीच रस्त्यावर गेली. तेव्हापासून ताईनं तीच पद्धत घरी आणली. जाताना एकीनं म्हणायचं, "आई तुझ्याकडे." दुसरीनं म्हणायचं, "घेतली." मगच निघायचं.

जिन्यातच धाकटीला चुकल्यासारखं झालं. रोज खालपर्यंत ऐकू येणारा आईचा आवाज आज नव्हता. आधी तिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

दार नुसतं लोटलेलं. दिवा लावलेला नव्हता. ताई नव्हती. आणि आई खुर्ची ओढून कपाटाशेजारच्या त्याच कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. मांडीवर हात. चेहऱ्यावर एखाद्या शहाण्या मुलीचं हसू.

"आई?"

आईनं मान वळवली नाही.

धाकटीनं ताईला फोन लावला. "अगं, आईला एकटीला टाकून कशी गेलीस?"

"एकटीला कुठं? तू घेतलीस ना."

"मी आत्ता घरात पाऊल टाकतेय, ताई."

धाकटीला वाटलं, ताई घाबरेल, धावत येईल. पण ताई घाबरली नाही.

"मी स्वयंपाकघरात होते," ती हळूच म्हणाली. "दार वाजलं. मी आतूनच म्हटलं, आई तुझ्याकडे. तर उत्तर आलं... घेतली."

"आवाज माझा होता?"

"उत्तर आलं ना."

"ताई, माझा होता का?"

"नव्हता." ताई म्हणाली. "मला कळलं होतं गं. पण किती दिवस डोळ्याला डोळा नाही... कुणीतरी घेतली म्हणालं. मी चपला घातल्या आणि निघाले. मागं वळून बघितलं नाही."

"आपली आई आहे ती!"

"तुला रात्रीची निजलेली मिळते. दिवसाची माझ्याकडे असते," ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रात्रभर धाकटी आईचा हात धरून बसली. "मी घेतली, मी घेतली," असं कोपऱ्याला सांगत राहिली. कोपऱ्यातून काहीच आलं नाही. आईनंही हात ओढून घेतला नाही, की दाबला नाही.

डॉक्टरांना रात्रीच कळवलं होतं, ते सकाळी आले. नाडी पाहिली, डोळ्यांवर बॅटरी मारली. दारापाशी येऊन म्हणाले, "शरीर ठीक आहे. पण जगण्यातून मनच काढून घेतलंय त्यांनी. खाल्लं तर निभावतील. नाही खाल्लं, तर फार दिवस नाहीत."

धाकटीनं मऊ भात कालवला. आईला पलंगावर उशीला टेकवून बसवलं. "आई, एवढा एकच घास. मला शिव्या दे, चाव हवं तर, पण खा."

आईनं ओठ मिटून घेतले. चमचा ओठांशी तसाच राहिला. मग आईनं सावकाश मान वळवली, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, जिथं नुसती भिंत होती. डोळे मिटले. आणि तान्ह्या मुलासारखं तोंड उघडलं.

तिचे गाल आत-बाहेर होऊ लागले. गळ्यातून घोट उतरताना दिसत होते. एक, मग आणखी एक. किती तरी वेळ. धाकटी हातात भरलेला चमचा धरून बघत राहिली. तिच्या हातचं न खाणारी आई पोटभर जेवल्यासारखी सुस्कारा टाकून निजली. गालांवर रंग आला होता.

आईच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळत होतं. धाकटीनं ते पदरानं टिपलं.

दूध होतं. या घरात कित्येक महिने दूध आलेलं नव्हतं. आणि ते कोमट होतं, अंगाच्या उबेइतकं.