कोचच्या अंगणातली पाटी

शनिवारच्या त्या सकाळी कॉरिन हॅचर स्वतःचीच पाटी चोरासारखी उपटत होती. पश्चिम टेक्सासमधील ओलेटा या गावी शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ शुक्रवारी हरला, की कोणीतरी तिची ‘घर विकणे आहे’ ही पाटी पळवून कोचच्या अंगणात रोवी. कोचने गाव सोडावे, एवढाच त्याचा अर्थ. घरे विकून देणे हा कॉरिनचा व्यवसाय असल्याने पाटी परत नेणे तिला भाग होते.

पाटी निघेना. दवाने ओल्या गवतात तिचे बूट घसरत होते. इतक्यात दार उघडले आणि कॉफीचा कप घेऊन कोच ड्वाइट प्रुइट पायरीवर उभा राहिला.

“रुजली वाटतं,” तो म्हणाला.

“पाटी माझीच आहे, कोच. पण... मी लावलेली नाही.”

“ते दिसतंय. तुम्ही लावली असती तर सरळ लावली असती.”

त्याने पाटी एका हाताने उपटून तिच्या स्वाधीन केली. बोटांना बोटे लागली; दोघांनीही ते लक्षात न आल्याचे दाखविले.

“आणि लोकांना एवढं सांगा, घर भाड्याचं आहे. बावीस वर्षांत सात गावं झाली. मी खोकी सोडतच नाही.”

“भांड्यांचीसुद्धा?”

“दोन कप काढलेत.”

पुढच्या शुक्रवारीही संघ हरला, आणि शनिवारी तो दुसरा कप तिच्यासाठी भरून ठेवलेला होता.

तदनंतर संघ जिंकू लागला. एकामागून एक पाच सामने. शेतांत बोंडे फुटली, रस्त्याच्या कडेने कापूस उडू लागला. आणि शनिवारी सकाळी कॉरिनला कोठेही जाण्याचे कारण उरले नाही. प्रेक्षकांत बसून, आपल्याच मुलांच्या हातून चेंडू निसटावा असे तिला वाटे, व त्याची तिला मनस्वी लाज वाटे.

“अगं, जिंकलो ना आपण?” शेजारी बसलेली बर्निस मावशी म्हणाली. “मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?”

“ऊन लागतंय डोळ्यांवर.”

“संध्याकाळी सात वाजता?”

अखेरचा सामना शेजारच्या गावाशी होता. त्यांच्याकडून सलग तिसऱ्या वर्षी हार झाल्यास कोचला काढायचे, असे शाळेच्या मंडळाने ठरविले होते. या वेळची पाटी ही थट्टा नसेल, हे जाणून कॉरिनने दुपारीच गावभरच्या आपल्या सर्व पाट्या गोळा केल्या व कार्यालयात कुलूपबंद केल्या.

शेवटच्या क्षणी एका साध्या किकने बरोबरी साधली असती. कोचने ती नाकारली व मुलांना जिंकण्यासाठीच धावावयास सांगितले. चेंडू पोटाशी धरलेला मुलगा गोलरेषेच्या वीतभर अलीकडे कोसळला, आणि सामना गेला.

शनिवारी कोचच्या अंगणात पाटी नव्हती. कॉरिन कार्यालयात बसून निष्कारण पेन्सिलींना टोक करीत होती. आठ वाजता दार ढकलून तो आत आला. हातांत दोन कप.

“पाटी आली नाही.”

“सगळ्या मी कुलपात घातल्या.”

“असं होय. मी सहापासून पायरीवर बसलोय. कॉफी गार झाली.”

तिने कप घेतला. “कोच, खरं सांगा... मुद्दाम तर नाही ना हरलात?”

तो प्रथमच दुखावलेला दिसला. “कोचला असं विचारू नये. जिंकलो असतो, तर पाटी मीच चोरणार होतो.”

कॉरिन खिडकीबाहेर पाहू लागली. “तुम्ही जिंकलात ना, की... मला शनिवार खायला उठायचा.”

“मलाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.”

त्याने आपला कप टेबलावर ठेवला.

“सोमवारी मला काढतील,” तो म्हणाला. “दुसऱ्या एका शाळेचा फोन आला होता. इथून सहाशे मैल.”

“मग काय... खोकी बांधलेलीच आहेत तुमची.”

“तीच सोडतोय आता. मुख्याध्यापक म्हणाले, फुटबॉल गेला तरी इतिहास शिकवा. मला घर विकत घ्यायचंय, मिस हॅचर. राहतोय तेच.”

“त्याची मालकीण दोन वर्षं माझ्या मागे लागलीय, विकून दे म्हणून.” तिला हसू आवरेना. “कप किती काढणार?”

“दोन,” तो म्हणाला. “सध्या.”

सोमवारी मंडळाने त्याला काढले. मंगळवारी सकाळी कामावर निघालेल्या गावाने कोचच्या अंगणात पाटी पाहिली. तिच्यावर तिरपी लाल पट्टी होती: ‘विकले’. आजवर त्या अंगणात लागलेली प्रत्येक पाटी कललेली असे. ही मात्र ओळंब्याने लावल्यासारखी सरळ उभी होती.