सहा सेंटीमीटर

भातकुलीच्या रस्त्याला लागून ओमप्रकाशचं फुलांचं वावर होतं आणि वावराच्या कोपऱ्यावर टिनाच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. सकाळी त्याची आई मनकर्णाबाई आणि बायको आरती झेंडू तोडून अमरावतीच्या फुलबाजारात पाठवायच्या. ओमप्रकाश दिवसभर मोटारसायकली खोलून बसलेला असायचा. माणूस मोजून-मापून काम करणारा. नट किती आवळायचा हेसुद्धा तो हाताच्या अंदाजावर सोडत नसे. मोजमापं घ्यायची आणि खडूनं शेडच्या टिनावर लिहून ठेवायची, ही त्याची रीत.

चार वर्षांआधी तो स्वतः शर्यती करायचा. मग एका दुपारी धाकटा भाऊ जीवन त्याची गाडी चालवत होता, ओमप्रकाश मागे बसला होता, आणि बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी घसरली. जीवनला खरचटलंही नाही. ओमप्रकाशचा उजवा गुडघा मात्र कायमचा ताठ झाला. पाय लांब करून तो पिकअप चालवू शकायचा. मोटारसायकलवर पाय दुमडून बसणं संपलं. "गड्डा दिसलाच नाई," एवढंच जीवन बोलला होता. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

दिवाळी झाली आणि जीवन तेल्हाऱ्याहून एक गाडी घेऊन आला. दोनशे सीसीची, उंच, मातीवर उड्या मारायला बनवलेली. त्याला तिची सुपरमोटो करून पाहिजे होती, म्हणजे अर्धी डांबरावर, अर्धी मातीवर पळणारी. रोज रस्त्यावर चालवायची आणि फेब्रुवारीत अकोल्याच्या हौशी शर्यतीत उतरवायची.

"तू बनव," तो म्हणाला. "तुले दुसरं काय येते आता? पाना तू पकड, हँडल मी पकडतो."

ओमप्रकाशनं गाडीकडे पाहिलं आणि नाही म्हणू शकला नाही. भावासाठी नाही, गाडीसाठी. दुसऱ्या कोणी ती बिघडवलेली त्याला पाहवली नसती.

दोन महिने त्यानं जीव ओतला. पुढचं मोठं आणि मागचं मध्यम अशी दोन्ही चाकं काढून सतरा इंची, रुंद टायरांची बसवली. पुढं मोठी डिस्क टाकली. मागचा दातेरी चक्का दोन दातांनी लहान केला. आरसे आणि इंडिकेटर असे लावले, की रस्त्यावर पोलिसांनी अडवू नये आणि शर्यतीच्या दिवशी चार बोल्ट काढले की निघावेत. शेवटी उरलं मागच्या स्प्रिंगचं काम. माणूस बसल्यावर गाडी मागून किती दबते ते मोजायचं आणि स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळवायची.

आरतीनं हँडल धरलं, जीवन फुटरेस्टवर पाय ठेवून बसला, ओमप्रकाशनं टेप लावला. रिकाम्या गाडीपेक्षा बरोबर सहा सेंटीमीटर. हवं तेवढंच. त्यानं टिनावर सहा लिहिलं आणि तारीख टाकली.

आठवड्यानं त्यानं परत मोजलं. पाच आलं.

नवी स्प्रिंग आहे, बसत असेल, असं त्याला वाटलं. पण बसलेली स्प्रिंग जास्त दबते, कमी नाही. त्यानं सगळं खोललं, ग्रीस भरलं, जोडलं. तीन दिवसांनी चार आलं.

"जेवत नाई का तू?" त्यानं जीवनला विचारलं.

"तुयासारखा बसून नाई खात," जीवन म्हणाला.

फुलांची पोती तोलायचा काटा शेडच्या बाहेरच होता. ओमप्रकाशनं त्याला त्यावर उभं केलं. चौसष्ट किलो. नोव्हेंबरात होता तेवढाच. मग जीवन गेल्यावर त्यानं सीटवर खताचं पन्नास किलोचं पोतं ठेवलं. गाडी पन्नास किलोला दबायला पाहिजे तेवढी दबली. आरतीला बसवलं, दबली. दुसऱ्या दिवशी जीवनला बाजारात फुलं न्यायच्या जुन्या स्कूटरवर बसवून मोजलं, स्कूटर दबली.

फक्त ही गाडी, आणि फक्त जीवन.

ओमप्रकाश एका मंगळवारी तेल्हाऱ्याला जाऊन आला. गाडी विकणारा मोतीराम कपाशीच्या वावरात होता. धडधाकट, हसतमुख माणूस. गाडी कधी पडली नव्हती, कोणी मेलं नव्हतं, कोणाशी वाद नव्हता. त्यानं चहा पाजला. परतताना ओमप्रकाशला त्या माणसाचा राग आला. काही तरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

इकडे जीवन दिवसेंदिवस जोरात पळत होता. वावराच्या मागच्या पडीक जागेत त्यांनी मातीचा उंचवटा केला होता, त्यावरून तो उडी मारायचा. खाली येताना गाडी जराही आदळायची नाही.

"हलकी झाली दादा. पाखरासारखी झाली," तो एकदा हेल्मेट काढत म्हणाला. मग बूट पाहत थांबला. "फक्त वळणावर पाय टेकवतो नं, तं जमीन लागत नाई. टेकवला हाय हे पाहा लागते."

त्या दिवशी टेपवर दोन आलं होतं.

आरतीला हे पटत नव्हतं. माप घेताना हँडल तिच्याच हातात असायचं. "सांगा त्याईले," ती म्हणाली. "नाईतर मी सांगतो."

"काय सांगशीन? का गाडीले त्याचं वजन लागून नाई राहिलं?"

"जे हाय थे सांगा."

"येडा म्हणन मले. आधीच लंगडा म्हणते."

त्याच्याकडे तिनं पाहिलं ते वेगळं पाहिलं. ओमप्रकाशनं मान फिरवली. कारण खरं कारण येडेपणाचं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. टेपवरचा आकडा कमी झाला की त्याला भीतीबरोबर आणखी एक काहीतरी जाणवायचं. ते भीतीपेक्षा गरम होतं. गुडघा गेल्यापासून त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

शर्यतीचा रविवार आला. गाडी पिकअपमध्ये बांधून तिघं सकाळीच निघाले. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजू गेलं. अकोल्याच्या बाहेर एका बंद तेलगिरणीच्या आवारात शर्यत होती. निम्मा ट्रॅक गिरणीच्या सिमेंटच्या अंगणात, निम्मा मागच्या काळ्या मातीत. मातीच्या शेवटी छातीएवढा उंचवटा आणि त्याच्या पुढं वीस पावलांवर चुन्याची पांढरी रेघ. रेघेपाशी खुर्चीवर शालिकराम नावाचे एक निवृत्त पीटी मास्तर स्टॉपवॉच घेऊन बसले होते. फेरीला किती वेळ लागला ते तेच सांगायचे.

"आले का भातकुलीवाले?" अकोल्याचा रोहित, गेल्या वर्षी पहिला आलेला, मुद्दाम मोठ्यानं बोलला. "फुलं आनली का? हार लागनच आमाले."

लोक हसले. जीवननं त्याला एक शिवी हासडली आणि सरावाला गाडी काढली. तीन फेऱ्या झाल्या. रोहित मागोमाग आत आला, पण आता हसत नव्हता. तो सरळ ओमप्रकाशकडे आला.

"काय केलं बे या गाडीले?"

"काहून?"

"मी मागंच होतो त्याच्या. उडी मारून उतरते तं मागून दबतच नाई. रिकामी गाडी ढकलून देल्यावानी उतरते." तो एक पाऊल मागं सरला. "माया जवळ नोको येऊ देऊ त्याले. आला तं मी लात मारीन."

बाकीचेही पाहत होते. कोणी जवळ आलं नाही. पाण्याचा जार त्यांच्या शेजारी होता, तो कोणीतरी उचलून दुसरीकडं नेऊन ठेवला.

सुरुवातीच्या आधी ओमप्रकाशनं शेवटचं माप घेतलं. आरतीनं हँडल धरलं. जीवन पाय टाकून बसला. ओमप्रकाशनं टेप लावला, मग काढला, पुसला, परत लावला.

गाडी जशी रिकामी उभी होती तशीच होती. एका केसाचाही फरक नव्हता.

"दादा," जीवन हेल्मेटच्या आतून म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "सगळं बरोबर हाय नं?"

चार वर्षांत त्यानं पहिल्यांदा असं काही विचारलं होतं. विचारून तो थांबलासुद्धा. आरती ओमप्रकाशच्या तोंडाकडे पाहत होती.

ओमप्रकाशनं टेप गुंडाळला.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

झेंडा पडला. दहा गाड्या सिमेंटवरून सुटल्या. पहिल्या फेरीत जीवन चौथा होता, दुसरीत दुसरा. वळणावर तो पाय बाहेर काढून गाडी अशी आडवी टाकायचा की बघणाऱ्यांचा श्वास अडकावा. तिसऱ्या फेरीत त्यानं रोहितला मागं टाकलं. टाळ्या वाजायला पाहिजे होत्या. वाजल्या नाहीत.

पाचव्या फेरीत तो एकटाच पुढं होता. मातीतून आला, उंचवट्यावर चढला, उडाला.

गाडी खाली आली.

तिनं रेघ ओलांडली, थोडी सरळ गेली, मग हँडल वळलं आणि ती कुशीवर पडली. इंजिन फडफडून बंद झालं.

मागच्या गाड्या थांबल्या. एक-एक करून सगळी इंजिनं बंद झाली.

गाडीवर कोणी नव्हतं.

ओमप्रकाश वर पाहत होता. वर पाहावं लागत होतं.

उंचवट्याच्या वर, हवेत, जीवन बसलेलाच होता. गुडघे वाकवलेले, दोन्ही हात पुढं, मुठी वळलेल्या. क्लच दाबल्यासारखी बोटं हलली. मग त्याची मान हळूच खाली वळली आणि त्यानं आपल्या पायांखाली पाहिलं.

मग तो खाली आला. पडला नाही, आला. दोन्ही पायांवर.

शालिकराम मास्तर नंतर ज्याला त्याला एवढंच सांगत होते, "गाडी रेघेवर आली तवा मी घड्याळ थांबवलं. आकडा पाहिला. घड्याळ खिशात ठेवलं. चष्मा पुसला. मंग पोरगं खाली आलं." ते सांगताना त्यांचा हात प्रत्येक वेळी खिशाकडे जायचा.

रोहितनं हेल्मेट काढलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "घेऊन जाय याले," तो ओमप्रकाशला म्हणाला. "आत्ताच घेऊन जाय. पुन्हा अकोल्यात दिसला तं पाहून घेईन." पिकअपमध्ये गाडी चढवायला एकाही माणसानं हात लावला नाही. आरतीनं आणि ओमप्रकाशनं ती ओढून चढवली. आवाराबाहेर पडताना मागून एक ढेकूळ येऊन पिकअपच्या फळीवर फुटलं.

जीवन मध्ये बसला होता. अंगावर धुळीचा कण नाही. दोन्ही हातांनी त्यानं समोरची दांडी धरली होती, आणि धरूनच होता.

"लागलं का कुठं?" ओमप्रकाशनं विचारलं.

"नाई." मग तो म्हणाला, "दादा, काच वर घे."

बाहेर फेब्रुवारीची दुपार तापली होती. ओमप्रकाशनं काच वर घेतली. आरतीनं आपल्या बाजूची घेतली. घामानं तिघांचे कपडे अंगाला चिकटले, पण घरापर्यंत कोणी काच खाली केली नाही.

घरी जीवन दार धरून, मग भिंत धरून, मग खांब धरून ओसरीपर्यंत गेला. मनकर्णाबाईनं त्याला पाहिलं. तिनं त्याचा दंड पकडला, जसा नुकतं चालायला लागलेल्या पोराचा पकडतात, आणि आत नेलं.

ओमप्रकाश शेडमध्ये गेला. टिनावर आकडे होते, तारखांसह, एकाखाली एक. त्यानं ओल्या फडक्यानं ते पुसले. वळला तर आरती दारात उभी होती.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

"तुलेबी मालूम होतं."

"मले त्याईनं नाई विचारलं."

ती गेली. ओमप्रकाशनं पाना घेतला आणि गाडी खोलायला सुरुवात केली. चाकं, डिस्क, स्प्रिंग. स्प्रिंग हातात घेऊन त्यानं पाहिली. ती साधी स्प्रिंग होती. दाबली की दबत होती.

सकाळी उजाडल्यावर तो ओसरीवर आला. काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं. गुडघ्याचं, चार वर्षांचं, कालच्या त्या दोन शब्दांचं. जीवन खाटेवर झोपला होता, गळ्यापर्यंत चादर. खाटेच्या पलीकडं मनकर्णाबाई झेंडूचा ढीग घेऊन निवडत बसली होती. बाजाराची वेळ टळून गेली तरी तिनं पोती भरली नव्हती. सुतळीचा गुंडा तिच्या मांडीशी जवळजवळ संपला होता.

चादरीखालून चार ठिकाणी सुतळी बाहेर आली होती. दोन मनगटांपासून, दोन घोट्यांपासून, खाटेच्या चार पायांना. गाठी फुलांच्या पोत्याला मारतात तशा, घट्ट.

"हे काय केलं माय?" तो पुढं झाला. "सोड त्याले."

"हात नोको लावू," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं डोकं वर केलं नाही. एक सडकं फूल बाजूला टाकलं. "झोपू दे त्याले."

ओमप्रकाश ताठ पाय लांब करून खाटेशेजारी खाली बसला. आता त्याचे डोळे भावाच्या अंगाच्या बरोबरीनं आले. जीवनचा श्वास संथ चालला होता. आणि त्याच्या पाठीच्या व खाटेच्या मधून ओमप्रकाशला पलीकडचा झेंडूचा पिवळा ढीग दिसत होता.