वाघसणाचा पाळिया

"आमचा पाळिया चोरीला गेला," खुर्चीत बसायच्या आधीच जीलुभा सरवैया म्हणाले. "पूर्वजाचा दगड, बेन. गावाच्या गाई सोडवताना तो लढून पडला, तिथेच हा दगड आजवर उभा होता. चोर रखवालदारच आहे. मी त्याला सरळ पोलिसांत देणार होतो, पण बा, माझी आई, ऐकेनात. म्हणाल्या, आधी उर्मिशाबेनला दाखव."

अहमदाबादेत उर्मिशा ढोलकियांचा खासगी तपासाचा धंदा जोरात चालला होता. त्यांनी दिराकडे पाहिलं. "किरीट, स्कूटर काढ."

जीलुभांच्या वाघसण गावात आता शेत नावालाही उरलं नव्हतं. एरंड गेला, बाजरी गेली, बांध गेले, रो-हाउसच्या रांगा आल्या. जुन्या बांधावरचा गुडघाभर उंचीचा पाळिया तेवढा राहिला होता. आज तिथे खड्डा होता.

पाण्याचा टँकर गळून खड्ड्याभोवती चिखल झाला होता. त्यात अनवाणी पावलं उमटली होती, खड्ड्याकडे जाणारी आणि परत येणारी. चिखल संपला की सिमेंटच्या ब्लॉकची वाट सुरू होत होती. ती स्वच्छ होती.

"अनवाणी इथे एकटा रखवालदार तेरसिंगच फिरतो," सोसायटीचे सेक्रेटरी पारसभाई म्हणाले. ते बुटांसकट खड्ड्यात उतरले होते. "मिटलं की प्रकरण!"

"भाभी, मलाही पटतंय," किरीट पुटपुटला.

"तुला दुकानातला तयार शर्टही लगेच पटतो."

तेरसिंगला जीलुभांनी पंपाच्या खोलीत कोंडलं होतं. दाराला पाठ लावून त्याची बायको सामली बसली होती, मांडीवर तान्हं मूल. दार उघडून तेरसिंगला पोलिसांच्या गाडीत घालायला कुणी आलं, तर तिला आधी उठवावं लागलं असतं.

उर्मिशाबेन खिडकीशी गेल्या. "तेरसिंग, सकाळी ब्लॉक झाडलेस?"

"कधी झाडणार? उजाडताच कोंडलं. बाकी कुणी झाडत नाही इथे."

"पायात चपला का नाहीत?"

"असत्या तर घातल्या असत्या, बेन."

मग त्या पारसभाईंकडे वळल्या. "दगड गेला म्हणून तुम्ही खूश दिसता."

"का नसावं? गुरुवारी इथे पार्किंगचं काँक्रीट पडायचंय. शेंदूर फासलेला दगड कोण हलवणार, हीच पंचाईत होती."

"जागा सोसायटीची आहे?"

"रीतसर विकत घेतलीय. आम्ही काय दरोडेखोर आहोत?"

जीलुभांच्या घरी त्यांच्या आई कंकुबा पलंगावर बसल्या होत्या. "सगळी शेतं विकायची तर वीक, म्हटलं मी. पण पाळियाची जागा नाही. जीलुनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय, बेटा. ती जागा आमचीच आहे."

संध्याकाळी उर्मिशाबेननी सगळ्यांना खड्ड्यापाशी बोलावलं. कंकुबांसाठी खुर्ची आणवली. घराघरांच्या गच्चीतून माणसं वाकून बघत होती.

"चोर रोज अनवाणी फिरणारा असता, तर चिखल पायाबरोबर ब्लॉकवर आला असता. वाट कुणी झाडलेली नाही, तरी ती कोरी आहे. म्हणजे चोर जोडे घालून आला, ते ब्लॉकवर काढले, चिखलात अनवाणी गेला. परत येऊन पाय जोड्यांत घातले आणि गेला."

"जोडे खराब होतील म्हणून?" किरीटनं विचारलं.

"मग पाय पुसून घातले असते. हा चिखलासकट घालून पळाला. म्हणजे जोड्यांची काळजी नव्हती. पारसभाई बुटांनीच खड्ड्यात उतरतात, त्यांच्या लेखी तो दगड आहे. ज्याच्या लेखी तो पूर्वज आहे, त्याचे हात चोरी करतील, पण पाय जोड्यात राहणार नाहीत. लहानपणापासूनची सवय. चूक झाली ती एवढीच."

"असा तर गावातला कुणीही असेल," पारसभाई म्हणाले.

"गावातला दुसरा कुणी तो लपवील कशाला? बा म्हणतात जागा आमची. तुम्ही म्हणता विकत घेतली. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलताय. मग विकली कुणी? ज्याची होती त्यानं. गुरुवारी काँक्रीट पडलं असतं आणि आईला कळलं असतं. दगडच चोरीला गेला, की जागेचं कोण विचारतंय?"

कंकुबांनी मुलाकडे पाहिलं. "जीलु?"

जीलुभांची मान वर होईना. "पूर्वज माझ्या गाडीत आहेत, बा. गोधडीत नीट गुंडाळून ठेवलेत."

मग कंकुबा म्हणाल्या, "माझं आपण घरी बघू. आधी त्या पोराला सोड."

जीलुभा किल्ली घेऊन पंपाच्या खोलीशी गेले. सामली दारातून हलली नाही.

"बाजूला हो बहेन, सोडतोय त्याला."

"सकाळी त्याला चोर म्हणालात, ते सगळ्या गच्च्यांनी ऐकलं," सामली म्हणाली. "आताचंही ऐकू द्या."

जीलुभा हलक्या आवाजात बोलले, "तेरसिंगनं चोरी केली नाही. मी केली."

सामलीनं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"पलीकडच्या गल्लीत नाही पोचलं, बापू."

जीलुभांनी गच्च्यांकडे तोंड केलं आणि पुन्हा, ओरडून, सांगितलं. मगच ती उठली.